पूल काढून घेतला तेव्हा : जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिजची गोष्ट

‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन.’ जावाचं जुनं प्रॅक्टिकल नव्या मशीनवर चालवून पाहिलं असेल, तर हा निरोप तुम्ही कधीतरी वाचला असेल. प्रोग्रॅम तोच, पुस्तक तेच, शिकवणारे सरही तेच. कालपर्यंत चालत होतं, आज चालत नाही. निरोपाच्या पुढे हरवलेल्या क्लासचं नाव छापलेलं असतं : सन, मग जेडीबीसी, मग ओडीबीसी आणि शेवटी जेडीबीसी-ओडीबीसी ड्रायव्हर. १८ मार्च २०१४ ला जावा ८ बाहेर आलं आणि त्यातून हा क्लास गायब झाला. आजची पोस्ट त्याच्याबद्दल आहे.

माझा पीएचडीचा विषय संगणकाच्या वापराचा इतिहास. पेट देऊन संशोधनाला लागणारे बरेच जण मला विचारतात, सॉफ्टवेअरच्या इतिहासात शोधायचं काय? कंपन्यांच्या जन्मतारखा? त्या विकिपीडियावर मिळतात. माझं म्हणणं असं की एखादी गोष्ट बंद झाली तो दिवस पकडा. सुरुवातीला सगळेच उत्साहात बोलतात. कोण कशावर किती टेकून उभं होतं, हे आधार काढल्यावर कळतं. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ वाचा. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहावा, असा त्यांचा आग्रह आहे. आपली आजची गोष्ट त्या आग्रहात अगदी चपखल बसते.

आधी थोडं मागे जाऊ. १९८० च्या दशकात डेटाबेसशी बोलणारा प्रोग्रॅम लिहायचा तर तो कुठल्या कंपनीच्या डेटाबेसशी बोलणार, हे आधीच ठरवावं लागायचं. एसक्यूएल ही भाषा बरीचशी समान होती, पण ती सी किंवा कोबॉलच्या प्रोग्रॅममध्ये घालायची, त्या त्या कंपनीच्या प्रीकंपायलरमधून काढायची आणि मग कंपाइल करायची. डेटाबेस बदलला की सगळी उस्तवार पुन्हा. हे टाळण्यासाठी डेटाबेस विकणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या आणि १९८९ मध्ये एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप तयार झाला. ‘कॉल लेव्हल इंटरफेस’ ही कल्पना तिथे आकाराला आली : प्रोग्रॅमने ठरावीक नावांची फंक्शनं हाक मारून बोलवावीत, पलीकडे कोण उत्तर देतंय याची पर्वा करू नये. मायक्रोसॉफ्टने त्याच पायावर १९९२ मध्ये ओडीबीसी आणलं. त्याची रचना समजून घ्या, पुढे लागेल. एका टोकाला तुमचा प्रोग्रॅम, मध्ये ड्रायव्हर मॅनेजर, दुसऱ्या टोकाला त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर. कुठला ड्रायव्हर, कुठली फाइल किंवा सर्व्हर, ही माहिती एका नावाखाली साठवायची. ते नाव म्हणजे डीएसएन, डेटा सोर्स नेम.

मग आली जावा. जेडीबीसीची रचना सनच्या ग्रॅहम हॅमिल्टन आणि रिक कॅटेल यांनी केली, आणि फेब्रुवारी १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये ती मूळ संचातच आली. (सनच्या कागदपत्रांनुसार जेडीबीसी हे कशाचं लघुरूप नाही, ते एक ट्रेडमार्क नाव आहे. परीक्षेत मात्र ‘जावा डेटाबेस कनेक्टिव्हिटी’ लिहिलं नाही तर मार्क जातात.) ओडीबीसी असताना वेगळं काही कशाला, याचं उत्तर सनने जेडीबीसीच्या मार्गदर्शिकेतच दिलं होतं. ओडीबीसी सी भाषेसाठी बनलेलं, त्यात पॉइंटरांची रेलचेल; जावात पॉइंटरच नाहीत. शिवाय ओडीबीसीचा ड्रायव्हर प्रत्येक मशीनवर हाताने बसवावा लागतो, आणि जावाची सगळी शान तर ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ यात होती.

पण एक अडचण होती. १९९७ मध्ये जावासाठी लिहिलेले ड्रायव्हर होतेच किती? ओडीबीसीचे मात्र जवळपास प्रत्येक डेटाबेससाठी होते. म्हणून सन आणि इंटरसॉल्व या कंपनीने मिळून एक पूल बांधला. अलीकडून जेडीबीसीची हाक घ्यायची, तिचं ओडीबीसीच्या हाकेत रूपांतर करायचं, पलीकडून आलेलं उत्तर परत जावात आणून द्यायचं. हाच जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज. जेडीकेसोबत फुकट मिळायचा.

हा पूल तात्पुरता आहे, असं सन पहिल्यापासून सांगत होती. प्रयोगासाठी वापरा, किंवा दुसरा काहीच पर्याय नसेल तर वापरा, अशा अर्थाची सूचना कागदपत्रांत होती. तरी हा ‘तात्पुरता’ पूल सतरा वर्षं टिकला. आपल्याकडे तात्पुरती पत्र्याची शेड जशी पिढ्यान् पिढ्या उभी असते, तसंच.

आता तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं ना, मग लोक तिथेच का राहिले? इथे आपल्या कॉलेजांची गोष्ट येते. डिप्लोमा, बीएस्सी, बीसीए, एमसीए : २००० च्या आसपासची आणि नंतरचीही ॲडव्हान्स्ड जावाची पाठ्यपुस्तकं काढून बघा. डेटाबेसच्या प्रकरणातला पहिला प्रोग्रॅम अनेकदा याच ब्रिजवर असतो आणि पलीकडे असतं एमएस ॲक्सेस. कारण सरळ आहे. लॅबच्या मशीनवर विंडोज असायचं आणि ऑफिसही असायचं, म्हणजे ॲक्सेस आलंच. ब्रिज जेडीकेत. सर्व्हर बसवायला नको, ॲडमिनचा पासवर्ड मागायला नको, इंटरनेट नसलं तरी चालतं. कंट्रोल पॅनेल, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स, डेटा सोर्सेस, सिस्टम डीएसएन, ॲड, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ड्रायव्हर, नाव द्या, फाइल निवडा, ओके. ही पूजा ज्यांनी केली आहे त्यांना ती अजून पाठ असेल. आणि व्हायव्हात ठरलेला प्रश्न : ‘ड्रायव्हरचे चार प्रकार सांगा.’ टाइप वन म्हणजे ब्रिज. टाइप फोर म्हणजे सगळा जावात लिहिलेला आणि थेट डेटाबेसशी बोलणारा. उत्तर सगळ्यांना यायचं. प्रॅक्टिकल मात्र टाइप वनवरच व्हायचं.

म्हणजे बघा, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या लेखी जो अपवाद होता, तो शिकणाऱ्याच्या लेखी पहिला धडा झाला. याच लॅबमधून बाहेर पडलेल्या कुणाला मेहुण्याच्या दुकानासाठी, पतपेढीसाठी किंवा संस्थेच्या वाचनालयासाठी ‘एक छोटं सॉफ्टवेअर’ करून द्यायचं असेल, तर तो हाताशी असलेलंच वापरणार. अशा सॉफ्टवेअरची नोंद कुठल्याही विक्रीच्या आकड्यात नसते. संशोधक म्हणून तुम्हाला ती शोधावी लागते, आणि सापडते ती बहुधा एखाद्या जुन्या हार्ड डिस्कवर.

पूल काढण्याआधीच त्याच्या कडेला भेगा पडल्या होत्या. ६४-बिट विंडोज आलं आणि ॲक्सेसचा जुना जेट ड्रायव्हर ३२-बिटच राहिला. ६४-बिट जावातून ३२-बिट ड्रायव्हर लोड होत नाही. ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ म्हणून निरोप येतो. त्यात डीएसएन बनवायची दोन वेगळी साधनं, एक ३२-बिटसाठी, एक ६४-बिटसाठी, आणि दोन्ही फाइलींचं नाव एकच, शेवटी ३२! त्यातली ६४-बिट फाइल ‘सिस्टम ३२’ नावाच्या फोल्डरमध्ये आणि ३२-बिट फाइल ‘सिसवाऊ ६४’ मध्ये. जुने प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून नावं तशीच ठेवली गेली, हे कळतं. पण यात किती जणांची किती दुपार गेली असेल याचा हिशेब कोण ठेवणार. ॲक्सेससाठी ६४-बिट ड्रायव्हर ऑफिस २०१० च्या काळात आला.

२०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली. जावा ७ च्या कागदपत्रांत सूचना स्पष्ट झाली : ब्रिज हा संक्रमणकाळातला उपाय आहे, आम्ही त्याला आधार देत नाही, जेडीके ८ मध्ये तो काढला जाईल, डेटाबेस बनवणाऱ्याचाच ड्रायव्हर वापरा. तांत्रिक बाजूने यात खोट काढता येत नाही. ऑरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, सगळ्यांचे चांगले टाइप फोर ड्रायव्हर तोवर आले होते. शिवाय ‘सन’ने सुरू होणारी पॅकेजं जावाच्या अधिकृत करारात कधीच नव्हती, ती घरातली अंतर्गत मांडणी. करारात होता तो जेडीबीसीचा इंटरफेस, आणि तो आजही जागेवर आहे.

फक्त एकच जण मागे राहिला : ज्याचा डेटा ॲक्सेसमध्ये होता. मायक्रोसॉफ्टने ॲक्सेससाठी जेडीबीसी ड्रायव्हर कधी दिलाच नव्हता. ‘डेटाबेस बनवणाऱ्याचा ड्रायव्हर वापरा’ हा सल्ला त्याच्या काहीच कामाचा नव्हता.

मग लोकांनी काय केलं? इथे जरा थांबू, कारण खरा इतिहास इथे आहे.

काहींनी जावा ७ सोडलंच नाही. कोपऱ्यात एक मशीन, त्यावर जुनं विंडोज, जुनं जावा, आणि वर चिकटवलेला कागद : ‘अपडेट करू नये’. जावा ७ ची सार्वजनिक अपडेट्स एप्रिल २०१५ मध्ये थांबली, म्हणजे त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाहीत. मशीन नेटला जोडलेलं नसेल तर हा मार्ग वाटतो तितका वाईट नाही. पण हार्ड डिस्क जाते त्या दिवशी तो संपतो.

काहींनी अवयवरोपण केलं. जावा ७ च्या मुख्य लायब्ररीतून ब्रिजचे क्लास उचलायचे, सोबतची डीएलएल उचलायची आणि जावा ८ मध्ये नेऊन ठेवायची. चालायचं! परवान्याच्या दृष्टीने याला काय म्हणायचं ते वकील सांगतील. पण सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आलं, त्यात ती एकसंध लायब्ररीच मोडून मॉड्यूल्स केली गेली आणि ही युक्ती आणखी अवघड झाली.

काहींनी पैसे मोजले. ईझीसॉफ्ट, ओपनलिंक यांसारख्या कंपन्या स्वतःचे जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज विकतात. मोठ्या संस्थेला हे परवडतं, वाचनालयाला नाही.

आणि काहींनी, माझ्या मते सर्वांत रंजक मार्ग, पूलच नको असं ठरवलं. जॅकसेस नावाची मुक्त लायब्ररी ॲक्सेसची फाइल थेट वाचते, ना ॲक्सेस लागतं ना विंडोज. तिच्यावर यूकॅनॲक्सेस नावाचा जेडीबीसी ड्रायव्हर बांधला गेला. तो फाइल उघडतो, तिची प्रत एचएसक्यूएलडीबी या जावातल्याच डेटाबेसमध्ये मेमरीत उभी करतो, तुमची क्वेरी त्या प्रतीवर चालवतो आणि बदल झाला तर तो मूळ फाइलमध्ये लिहितो. म्हणून मोठ्या फाइलवर पहिलं कनेक्शन संथ असतं, नंतर ठीक. ॲक्सेसमध्ये तारखेभोवती # लावायची सवय असते, तीही त्याला समजते. प्रोग्रॅममध्ये बदलायची ती कनेक्शनची ओळ, बाकी बरंचसं तसंच राहतं. करार इंटरफेसचा होता म्हणतात तो असा.

उरलेल्यांनी डेटा उचलून मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये नेला. पाठ्यपुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्यांतही हाच मार्ग दिसतो.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी ही पोस्ट मराठीत लिहिण्याचा हट्ट धरला. ब्रिजची एक जुनी खोड होती : युनिकोड त्याला कधी नीट जमलं नाही. तो मजकूर देता-घेताना विंडोजच्या चालू कोड पेजमधून न्यायचा. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन निभावून जायचं. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोड पेजच नाही. भारतीय लिप्या विंडोजमध्ये आल्या त्या थेट युनिकोडमधूनच. म्हणून ॲक्सेसमध्ये युनिकोडमध्ये ‘सावित्री’ लिहिलेलं असलं तरी ब्रिजच्या अलीकडे यायची ती प्रश्नचिन्हं. जितकी अक्षरचिन्हं, तितकी प्रश्नचिन्हं.

गंमत अशी, की जुन्या फॉन्टमधलं मराठी हाच पूल सहसा सुखरूप ओलांडायचं. श्रीलिपी, कृतिदेव किंवा पुण्याच्या सीडॅकचं आयएसएम वापरून टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरं आणि चिन्हांची माळ असतो. फॉन्ट लावला की डोळ्यांना मराठी दिसतं. ब्रिजला ती माळ ओळखीची वाटायची. त्यामुळे जावा आणि ॲक्सेसवर मराठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला युनिकोडकडे जायचं कारण तर नव्हतंच, उलट न जाण्याचं ठोस कारण होतं. मराठी माणसं युनिकोडकडे उशिरा वळली, तो आळस होता की अज्ञान, यावर खूप बोललं जातं. मधल्या नळांची क्षमता काय होती हे फारसं कुणी तपासत नाही. प्रबंधाचा विषय शोधताय ना? हा घ्या एक.

हे फक्त कुतूहलाचं नाही. समजा, तालुक्याच्या एखाद्या वाचनालयाची पंधरा वर्षांची देवघेव तुमच्या हाती एका एमडीबी फाइलमध्ये आली. वाचक कोण होते, बायका किती, कोणती पुस्तकं सतत बाहेर असायची : वाचनसंस्कृतीवर काम करणाऱ्याला याहून मोठं घबाड नाही. फाइल उघडता आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. इथे दोन अगदी वेगळ्या शक्यता आहेत. एक, प्रश्नचिन्हं वाचताना तयार झाली. म्हणजे फाइलमध्ये मजकूर शाबूत आहे, फक्त तुम्ही चुकीच्या वाटेने आत गेलात. ॲक्सेस २००० पासूनच्या फाइलींत मजकूर युनिकोडमध्येच साठतो. जॅकसेसने किंवा खुद्द ॲक्सेसने उघडा, नावं समोर येतील. दुसरी शक्यता, लिहिणारा प्रोग्रॅमच ब्रिजवरून लिहीत होता. मग फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं साठली आहेत आणि ती नावं गेली, कायमची. त्यांच्यासाठी कागदी रजिस्टर शोधा. एकाच तक्त्यात दोन्ही प्रकार सापडू शकतात, कारण काही नोंदी कुणी थेट ॲक्सेसमध्ये बसून केलेल्या असतात आणि काही सॉफ्टवेअरमधून. आणि नावांच्या जागी अनाकलनीय रोमन अक्षरं दिसली तर खूश व्हा. तो जुना फॉन्ट आहे. कुठला ते ओळखलं की रूपांतर करता येतं. फॉन्टचं नाव मात्र डेटात नसतं. ते प्रोग्रॅमच्या कोडमध्ये किंवा त्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतं. म्हणून कुणी ‘फक्त डेटाची फाइल पाठवतो’ म्हणालं तर अख्खं फोल्डर मागा, शक्य असेल तर डिस्कची पूर्ण प्रत. आणि काम करायचं ते प्रतीवर. ॲक्सेस नुसतं उघडलं तरी मूळ फाइलमध्ये बदल करू शकतं.

एक जोडउदाहरण थोडक्यात, म्हणजे ‘निवृत्ती’ हा शब्द तुम्ही जपून वापराल. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ओएलई डीबी आणलं, ओडीबीसीच्या पुढची पायरी म्हणून. २०११ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केलं की एसक्यूएल सर्व्हरसाठीचं ओएलई डीबी आता निवृत्त होणार, सगळ्यांनी ओडीबीसीकडे या. म्हणजे नवं काढून जुन्याकडे परत! लोकांनी कोड बदलायला घेतला. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालं की निवृत्तीच रद्द. २०१८ मध्ये नवा ओएलई डीबी ड्रायव्हर आला. ज्यांनी २०११ ची सूचना गंभीरपणे घेतली त्यांचे कष्ट वाया गेले, ज्यांनी दुर्लक्ष केलं ते जिंकले. ब्रिजच्या बाबतीत नेमकं उलट. सूचना वाचून कोण पळतो आणि कोण बसून राहतो, हे ठरताना आधीच्या अशा अनुभवांचा किती वाटा असतो, हा प्रश्न मुलाखतींतूनच सुटेल.

साधनांबद्दल विचाराल तर प्रकाशन-टिपा आणि जुनी कागदपत्रं नेटवर मिळतात, त्यांचा कालक्रम लावणं सोपं. अवघड आहे ते वापराचं साधन, आणि ते तुमच्या जवळच आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात जा. जावाच्या एकाच पाठ्यपुस्तकाच्या लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी ठेवा, २००५ च्या आसपासची, २०१२ ची, २०१६ ची. डेटाबेसचं प्रकरण उघडा. ब्रिज कुठल्या आवृत्तीत पहिल्या प्रोग्रॅममधून हलला, डीएसएनची चित्रं कधी गेली, चार प्रकारांचा तक्ता तसाच राहिला का, ते टिपून ठेवा. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्याच कपाटाच्या खालच्या खणात असतात, बहुधा सुतळीने बांधलेल्या.